सिंदखेडचा रंग आणि वऱ्हाडची खिरापत

चार पाहुणे जमले, जेवणें उरकलीं, विड्याचें तबक एकदां फिरून आलें, म्हणजे बैठकींत थोडी शांतता पसरते आणि मग कोणी तरी म्हणतें, "आतां कांहीं तरी खेळूं या." हें वाक्य कोणत्याहि इतिहासाच्या पुस्तकांत सांपडावयाचें नाहीं. लढाया, तह आणि सनदा यांची नोंद ठेवणाऱ्यांना बैठकींतला खेळ हा लिहिण्याजोगा विषयच वाटत नाहीं. तरी बुलढाणा जिल्ह्यांत असें एक ठिकाण आहे कीं, तेथें गेलेल्या माणसाला एका खेळाचीच कथा ऐकून परत यावें लागतें.

जालन्याकडून मेहकरच्या वाटेला लागलें म्हणजे सिंदखेड राजा हें गांव लागतें. लखुजी जाधवरावांच्या वाड्याचा भव्य दरवाजा तेथें अद्याप उभा आहे. आंतील इमारतीचा बराच भाग मात्र पडून गेला आहे. १२ जानेवारी १५९८ हा जिजाबाईंचा जन्मदिवस मानला जातो, आणि त्या तारखेला दरवर्षीं महाराष्ट्राच्या सर्व भागांतून येथें लोक लोटतात. एरवीं गांव आपल्या उद्योगांत असतें. अशाच एका साध्या दुपारीं मी तेथें गेलों होतों. बरोबरच्या माणसानें जन्मस्थान दाखविलें आणि मग पलीकडे बोट करून तो म्हणाला, "हा रंगमहाल. इथंच रंग खेळले, अन् इथंच सोयरीक ठरली." लखुजींची समाधि तेथून फार दूर नाहीं, केवढी मोठी इमारत ती! १६२९ मध्यें देवगिरीच्या किल्ल्यांत निजामशहानें लखुजींचा मुलांनातवांसह घात केला, ती दारुण हकीकतहि या माणसाला ठाऊक होती. परंतु ती सांगतांना त्याच्या आवाजाला रंगमहालाची लय आली नाहीं. लोकांच्या स्मरणांत खून मागें पडतो आणि खेळ पुढें राहतो, याचें मला तेव्हां नवल वाटलें.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे, तरी तिच्यांतल्या एका-दोन जागांकडे सहसा लक्ष जात नाहीं, म्हणून ती पुन्हा सांगतों. ग्रँट डफनें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत ती १५९९ सालच्या होळीची म्हणून दिली आहे. लखुजींच्या घरीं मंडळी जमलेली आहे. मालोजी भोसले आपल्या पांच वर्षांच्या शहाजीला घेऊन आलेले आहेत. लखुजींनीं त्या मुलाला जवळ बोलावून आपल्या तीन-चार वर्षांच्या मुलीशेजारीं बसविलें. मुलें खेळूं लागलीं. लखुजींनीं कौतुकानें मुलीला विचारलें कीं, हा नवरा तुला पसंत आहे काय. आणि मंडळींकडे वळून, जोडा छान दिसतो, असेंहि ते बोलून गेले. इतक्यांत मुलांनीं एकमेकांवर रंग उडविला आणि सारी बैठक हंसली. तें हंसें विरतें न विरतें तोंच मालोजी उठून उभे राहिले. जमलेल्या सर्वांना साक्षी ठेवून त्यांनीं सांगितलें कीं, जाधवराव आजपासून आमचे व्याही झाले. कांहींनीं माना डोलाविल्या. लखुजी मात्र चकित होऊन गप्प बसले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मालोजींना जेवणाचें आमंत्रण धाडलें, तेव्हां सोयरीक कबूल असेल तरच येऊं, असा उलट निरोप आला. लखुजींच्या पत्नींना तर हा सारा प्रकार मुळींच खपला नाहीं. पुढें मालोजींचा भाग्योदय, पांच हजारी, दरबाराचें वजन आणि शेवटीं विवाह, असा कथेचा ओघ आहे.

आतां ही कथा इतिहासाच्या कसोटीला फारशी उतरत नाहीं, हें आधींच कबूल केलेलें बरें. जिजाबाईंचा जन्म १५९८ च्या जानेवारींतला धरला, तर १५९९ च्या होळीला त्या जेमतेम सव्वा वर्षाच्या होतात. अशा मुलीला कोणी वर पसंत आहे काय म्हणून विचारीत नाहीं, आणि विचारलें तरी ती रंग उडवीत नाहीं. शहाजींच्या जन्माचें सालहि सर्व विद्वान एकच मानीत नाहींत. शिवाजीमहाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाचें संस्कृत 'शिवभारत' १९२७ मध्यें छापून बाहेर आलें. त्यांत या विवाहाचा उल्लेख आहे, पण होळीहि नाहीं आणि थट्टाहि नाहीं. जाधवरावांनीं योग्य वर पाहून कन्या दिली, एवढाच त्याचा आशय. उलट बखरींतला रंग जसजसा काळ लोटला तसतसा गडद होत गेला. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची, म्हणजे त्या होळीनंतर दोनशें वर्षांची. होळी कीं रंगपंचमी, याविषयींहि सांगणाऱ्यांचें एकमत नाहीं. आपल्याकडे रंग फाल्गुन वद्य पंचमीला खेळतात, म्हणून लोकांनीं डफची होळी मुकाट्यानें पंचमीवर नेऊन ठेविली. रंगमहालाविषयीं तर गांवाच्या सांगण्यापलीकडे आधार नाहीं.

मग खोटी म्हणून ती टाकून द्यावी काय? मला तसें वाटत नाहीं. घडलेली नसेल, तरी ती ज्यांनीं रचली आणि ज्यांनीं ऐकली त्यांना ती घडण्यासारखी वाटली. आणि त्यांना ती तशी कां वाटली, हाहि इतिहासाचाच प्रश्न आहे.

त्या काळचा वऱ्हाड डोळ्यांपुढें आणावा. १५९६ मध्यें चांदबिबीनें हा प्रांत अकबराला तोडून दिला होता. १६०० मध्यें अहमदनगरचा किल्लाहि पडला. आज कोणाची चाकरी आणि उद्यां कोणाची, याचा नेम नव्हता. अशा दिवसांत सरदारांचीं घराणीं सणाच्या निमित्तानें एकत्र येत, तेव्हां एकमेकांना चांचपून पाहण्याची ती एकच मोकळी जागा असे. दरबारांत बोललेला शब्द परत घेतां येत नाहीं. खेळांत बोललेला घेतां येतो. निदान घेतां येईल असें समजून माणूस बोलतो. सोंगट्यांचा पट मांडावा, एकशेंवीस पानांची दशावतारी गंजिफा वांटावी, आणि हातांतल्या पानांकडे पाहतां पाहतां मनांतली गोष्ट अर्धवट बोलून टाकावी, हा बैठकीचा जुना रिवाज आहे. रंगाच्या दिवशीं तर ही मुभा सर्वांत मोठी. फाल्गुनांत बुलढाण्याच्या डोंगरउतारांवर पळस पेटलेला असतो. त्याचीं फुलें उकळून केशरी पाणी काढलें कीं, ज्यांच्या अंगावर तें पडतें त्यांचे मानपान तेवढ्यापुरते भिजून जातात. लखुजींचें बोलणें त्या मुभेंतलें होतें. मालोजींनीं ती मुभा नाकारली, एवढाच कथेचा गाभा.

आणि नाकारण्याला त्यांना जागाहि होती. आपल्याकडे लग्न आणि खेळ यांच्यामध्यें कुंपण कधीं नव्हतेंच. हळद झाल्यावर वधूनें वराच्या मुठींतली सुपारी काढावयाची, त्यानें तिच्या मुठींतलें हळकुंड सोडवावयाचें; एकानें दांतांत धरलेला विडा दुसऱ्यानें तोडावयाचा; हळदीच्या पाण्यांत टाकलेली अंगठी आधीं कोणाच्या हाताला लागते, तें साऱ्या लग्नघरानें मान वर करून पाहावयाचें. उंबऱ्यावर सुनेची वाट अडवून तिला नवऱ्याचें नांव घ्यावयास लावावयाचें. हे खेळ विधीच्या मध्यें विरंगुळा म्हणून घातलेले नाहींत. ज्या दोन मुलांनीं एकमेकांकडे कधीं पाहिलेंहि नाहीं, त्यांचे हात प्रथम एकमेकांना लागतात ते सुपारीच्या निमित्तानें, हें जुन्या बायका पक्कें ओळखून होत्या. उखाण्याचें तरी काय? एरवीं जें नांव उच्चारणें निषिद्ध, तें खेळांत उच्चारलें तर दोष नाहीं, उलट कौतुक! ज्या समाजांत खेळाला एवढा अधिकार होता, त्या समाजांत भरल्या बैठकींत, रंग अंगावर पडलेला असतांना, मुलीच्या बापानें मुलीसमोर वराचें नांव काढावें आणि मग 'मी थट्टा केली' म्हणावें, हें ऐकणाऱ्यांना पटणारें नव्हतें.

शास्त्रांकडे वळलें तरी मालोजींचीच बाजू जड होते. कन्या एकदांच दिली जाते, असें मनुस्मृतींत सांगितलें आहे. आणि दरबार तर निजामशाही. मुसलमानी धर्मशास्त्रांत प्रेषितांचें एक वचन प्रसिद्ध आहे कीं, निकाह, तलाक आणि तलाक दिलेल्या पत्नीस परत घेणें, या तीन गोष्टी थट्टेनें बोलल्या तरी खऱ्याच समजाव्या. बखरकारांच्या मनांत हें वचन होतें, असें मी म्हणत नाहीं. परंतु त्या सुलतानापुढें ही फिर्याद गेली असती, तर ती हंसण्यावारी नेणें त्यालाहि जड गेलें असतें.

बैठकींतला खेळ खरा होऊन बसल्याची वऱ्हाडांतली ही पहिली कथाहि नव्हे. रुक्मिणीच्या माहेरचें हें राज्य. तिचा भाऊ रुक्मी भोजकटास राहत असे. अमरावतीजवळचें भातकुली तेंच, असें मानण्याची परंपरा आहे. रुक्मीच्या नातीचें लग्न कृष्णाच्या नातवाशीं, अनिरुद्धाशीं, लागलें. भागवतांत तो प्रसंग आहे. लग्न निर्विघ्न झालें. मग पाहुण्यांना कांहीं तरी खेळावयाचें होतें! कलिंगाच्या राजानें रुक्मीला चढविलें कीं, बलरामाला फांसे येत नाहींत पण नाद मोठा आहे. डाव सुरू झाला. आधीं शंभर, मग हजार, मग दहा हजार. बलराम हरला कीं कलिंगराज दांत दाखवून हंसे. पुढें बलराम जिंकला, तेव्हां रुक्मीनें डाव आपलाच म्हणून सांगितलें आणि वर गुराख्यांना फांशांतलें काय कळतें, असा टोमणा मारला. बलरामानें त्याला तेथल्या तेथें ठार केलें आणि कलिंगराजाचे हंसणारे दांत पाडले. कृष्णानें या बाबतींत बरें-वाईट कांहींच म्हटलें नाहीं. पत्नी एका बाजूला आणि भाऊ दुसऱ्या बाजूला. रुक्मिणीला काय वाटलें, तें भागवतकारांनीं सांगितलेलें नाहीं.

डच पंडित योहान हुइझिंगा यानें १९३८ मध्यें खेळ आणि संस्कृति यांच्या संबंधावर एक ग्रंथ लिहिला. खेळाला स्वतःचें एक रिंगण असतें, त्याची वेळ आणि जागा ठरलेली असते, आणि रिंगणाच्या आंत त्याचे नियम कायद्याहून कडक असतात, असें तो म्हणतो. लबाडीनें खेळणारा निदान नियम पाळण्याचा देखावा करतो, म्हणून त्याला लोक सहन करतात. रिंगणच मोडणारा त्यांना सहन होत नाहीं. या मापानें पाहिलें तर रुक्मी लबाड ठरतो. मालोजी कोणत्याच वर्गांत बसत नाहींत. त्यांनीं रिंगण मोडलें नाहीं. तें हळूच सरकवून त्यांत लखुजींचें सारें घराणें ओढून घेतलें. मराठी माणसाला या कथेंत जो आनंद होतो, तो रंगाचा नाहीं, या डावाचा आहे.

परंतु मला त्या बैठकींतल्या तिसऱ्याच व्यक्तीची आठवण होते. लखुजींनीं प्रश्न विचारला तो मुलीला. डफच्या कथेंत तिचें उत्तर नाहीं. मंडळी हंसली, मालोजी बोलले, लखुजी गप्प राहिले, आई रागावली. जिला विचारलें तिनें मूठभर रंग उडविला आणि त्याचा अर्थ काय, तें पुरुषांनीं ठरविलें. वडील मंडळींच्या खेळांत मुलगी ही बहुतेक पणाला लावण्याची वस्तु असते. तिचा स्वतःचा खेळ, तिची स्वतःची बैठक कोठें होती?

ती होती, आणि याच जिल्ह्यांत अजून आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत एक महिना वऱ्हाड-खानदेशांत भुलाबाई बसते. भुलोजी आणि भुलाबाई म्हणजे शंकर आणि पार्वती. पार्वतीनें भिल्लिणीचें रूप घेतलें आणि शंकर तिला भुलला, अशी नांवाची एक उपपत्ति सांगतात. मातीचीं तीं जोडमूर्ति कोनाड्यांत मांडावयाची, संध्याकाळीं गल्लींतल्या मुली जमावयाच्या, टिपऱ्यांच्या तालावर गाणीं म्हणावयाचीं, एका घरचें झालें कीं दुसऱ्या घरीं जावयाचें. पश्चिम महाराष्ट्रांतल्या वाचकांना भोंडला किंवा हादगा ठाऊक असेल. तो हस्त नक्षत्राचा, पाटावर हत्ती काढून त्याच्याभोंवतीं फेर धरण्याचा. आमच्या भुलाबाईला हत्ती नाहीं, पण महिना पुरा आहे. आणि गाण्यांचा विषय तोच, सासर आणि माहेर. ज्या काळीं नऊ-दहा वर्षांची मुलगी सासरीं जात असे, त्या काळीं हा कल्पनेचा विषय नव्हता. सासूचा जाच, नणंदेची चुगली, माहेरचें न येणारें बोलावणें, हें घरांत कोणापुढें बोलण्याची सोय नव्हती. टिपऱ्या हातांत घेऊन दहाजणींनीं एका सुरांत म्हटलें, म्हणजे त्याला खेळ म्हणत आणि सासूहि दारांत उभी राहून ऐके. लखुजींना ज्या मुभेनें गोत्यांत आणलें, तीच मुभा या मुलींनीं महिनाभर बिनधोक वापरली.

गाणीं संपलीं म्हणजे खरा डाव सुरू होई: खिरापत ओळखण्याचा. घरच्या बाईनें काय केलें आहे तें झांकलेल्या डब्यांत असावयाचें, आणि ओळखल्याशिवाय झांकण उघडावयाचें नाहीं. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं याचे नियम अगदीं ठरलेले होते. डबा एकदांच हलवून दाखवीत. खडखड वाजला तर शेंगदाणे-फुटाणे नाहीं तर चिक्की. सरसर आवाज आला तर लाह्या किंवा साखर-खोबरें. धप्प वाजला तर कांहीं तरी ओलें, म्हणजे भिजविलेली डाळ, काकडी किंवा पेरूच्या फोडी. मग प्रश्न. गोड कीं तिखट? तळून कीं वाफवून? पांढरें कीं पिवळें? थोरल्या मुली वासावरून तर्क करीत, धाकट्या येतील तीं नांवें ओरडत. आम्हां मुलग्यांना या बैठकींत प्रवेश नसे. आम्ही ओट्याखालीं उभे राहून, आधींच चाखलेल्या खिरापतीचें नांव फोडण्याची धमकी देत असूं आणि त्याबद्दल आगाऊ वांटा उकळीत असूं. तेव्हां लबाड कोण आणि रिंगण मोडणारा कोण, याचा निकाल वाचकांनींच करावा.

या खेळांत हार-जीत विचित्र आहे. मुलींनीं ओळखलें तर त्या जिंकल्या. नाहीं ओळखलें तर घरची बाई जिंकली. आणि खाऊ दोन्ही प्रकारें मुलींनाच. वर्षभर जिच्या हातच्या रांधपाचा घरांत कोणी उच्चारहि करीत नसे, तिचें पाककौशल्य त्या दिवशीं गल्लींत चर्चेचा विषय होई. कोणाची खिरापत तीन दिवस कोणाला ओळखतां आली नाहीं, हें बायका पुढल्या वर्षापर्यंत लक्षांत ठेवीत. कोजागिरीच्या रात्रीं ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून भुलाबाईला त्यांत बसवीत आणि खिरापतीहि पुष्कळ करीत. कांहीं घरीं तेहतीस प्रकारांपर्यंत मजल जाई. आतां सोयाबीनच्या राज्यांत मखरापुरते धांडे मिळवावयाचे तर दोन शेतें हिंडावें लागतें.

१ एप्रिल १९३० पासून शारदा कायदा अंमलांत आला आणि चौदा वर्षांच्या आंतल्या मुलीचें लग्न करणें गुन्हा ठरला. कायद्यानें रूढि एकदम हटली नाहीं, पण शाळा वाढल्या, लग्नाचें वय वाढत गेलें, आणि सासराचीं गाणीं सासर न पाहिलेल्या मुलींच्या तोंडीं आलीं. त्यामुळें त्यांतली धार गेली, अशी हळहळ मी ऐकली आहे. मला तिचें दुःख वाटत नाहीं. ती धार ज्या जखमेंतून आली होती, ती बरी होत असेल तर गाणें थोडें बोथट झालेलें चालेल. आज शाळांतून भुलाबाईच्या स्पर्धा होतात, परीक्षक बसतात, गुण देतात. घरगुती समारंभांत तंबोल्याचे आंकडे पुकारले जातात, पैठणीसाठीं बायका व्यासपीठावर चढतात आणि पूर्वी उंबऱ्यावर लाजत घेतलेलें नांव ध्वनिक्षेपकावर घेतात. त्यांतहि गंमत आहे. फक्त बक्षीस आधींच सर्वांना दिसत असतें, डब्याला झांकण नसतें.

गेल्या कोजागिरीला घाटाखालच्या एका नातलगांच्या घरीं मी होतों. अंगणांत पांच-सहा मुलीच होत्या, टिपऱ्या चौघींच्या हातांत. गाण्यांतल्या ओळी अर्ध्या विसरलेल्या. त्या मागून आजी पुरवीत होत्या. मग डबा आला. थोरलीनें तो कानाशीं धरून हलविला. मुळींच आवाज नाहीं. पुन्हा हलविला. गोड का? आजी म्हणाल्या, नाहीं. तिखट? नाहीं. आंबट? तेंहि नाहीं. मुलींनीं शेव, चकली, ढोकळा, केक, चॉकलेट, सारीं नांवें घेऊन पाहिलीं. धाकटी हिरमुसून म्हणाली, "आजी, डब्यात काहीच नाही!"

आजींनीं पदरानें तोंड झांकून घेतलें. "ओळखलंस गं बाई," त्या म्हणाल्या, आणि पाठीमागें लपविलेला दुसरा डबा पुढें ओढला.